फोटो परत आले आहेत

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी पात्र सोडून माढा, मोहोळ, परांडा भागातल्या गावांत शिरली, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच संस्था तिथे पोचल्या होत्या. शिधा किट, ताडपत्र्या, चारा यांचे वाटप कधीच उरकले. हिशेब मात्र उरकलेला नाही. वाचकांकडून सध्या येणाऱ्या पत्रांत एकच रड आहे: देणगीदार कंपनीने जिओटॅग फोटो नामंजूर केले, त्यामुळे उपयोगिता प्रमाणपत्र अडले आणि त्यापायी दुसरा हप्ताही अडला.

परत आलेला एक फोटो एका कार्यकर्तीने आम्हाला पाठवला आहे. शाळेच्या ओसरीत एक आजी उभ्या आहेत. लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, दोन्ही हातांत किट, आणि किटवरचा लोगो बरोब्बर कॅमेऱ्याकडे केलेला. खाली काळी पट्टी; तिच्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळे आहे. पट्टीच्या कोपऱ्यात नकाशाचे चित्र यायला हवे तिथे नुसता करडा चौकोन. त्यावर शेरा: 'नकाशा दिसत नाही, फोटो पुन्हा पाठवावा.' पुन्हा म्हणजे कसा? पुराला पुन्हा बोलवायचे, की आजींना?

तुम्हाला सांगायला नको, पण शेरे मारणाऱ्यांसाठी लिहितो. जागा कळायला फोनला रेंज लागत नाही. तो उपग्रहांचे फक्त ऐकतो. मोकळ्या आभाळाखाली थोडा वेळ धरला की टॉवर बंद असतानाही अक्षांश-रेखांश मिळतात. नकाशाचे चित्र मात्र इंटरनेटवरून उतरते. ज्या गावात दोन दिवस वीज नाही आणि टॉवरच्या जनरेटरचे डिझेलही संपले आहे, तिथे करडा चौकोनच येणार. फोटो खरोखर अशा गावातून काढला आहे याची याहून बरी खूण दुसरी नाही, आणि नेमकी तीच नामंजुरीचे कारण ठरते!

पुढची गंमत अशी की हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले जातात. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या पोटातली जागेची नोंद काढून टाकते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच ती टिकते. म्हणजे खरा जिओटॅग वाटेतच गळतो आणि साहेबांच्या टेबलावर उरते ती छापील पट्टी. मॉक लोकेशन, म्हणजे फोनला खोटी जागा, लावून तशी पट्टी पुण्यात चहा पिता पिता कोणत्याही गावाची तयार करता येते. तिच्यावर रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत छापलेला असतो. म्हणजे अचूकता साधारण अकरा सेंटिमीटरची! साधा फोन मोकळ्यावरही चार-पाच मीटर इकडेतिकडे असतो. आकडा लांबलचक असला की तो खरा वाटतो, एवढेच.

आपलेही काही मित्र कमी नाहीत. रांग थांबवून आधी फोटो, मग किट, अशी शिस्त त्यांनी स्वतःहून लावून घेतली आहे. कोणी प्रत्येक लाभार्थीच्या आधार कार्डाचे फोटो दोन-अडीचशे जणांच्या ग्रुपवर टाकते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. स्वतःच्या आईचे आधार कार्ड असे कुणी टाकेल का?

या खटाटोपात मूळ काम, वाड्या-वस्त्या नकाशावर टाकण्याचे, राहून जाते. रडार उपग्रहाला ढग आडवे येत नाहीत. सेंटिनेल-१ ची चित्रे फुकट मिळतात, हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पुराचे नकाशे काढते, आणि ३० जुलै २०२५ रोजी निसार हा असाच उपग्रहही वर गेला. पाणी कुठवर आले ते आता आभाळातून दिसते. त्या पाण्यात कोणती वस्ती आहे, हे कळायला ती वस्ती आधी कुणीतरी नकाशावर टाकलेली असावी लागते. महसुली गाव सापडते. ठाकरवाडी, कातकरवाडी, शेतातली वस्ती सापडत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी राज्यातले असंख्य मोबाइल एकाएकी कर्कश वाजू लागले. तो केंद्राच्या आपत्कालीन इशारा यंत्रणेचा चाचणी संदेश होता. त्याआधी २०१४ मध्ये माळीण दरडीखाली गाडले गेले, तेव्हा गाव दिसत नाही हे लक्षात आले एका एसटी चालकाच्या.

रेंज नसते तर सॅटेलाइट फोन घ्यावा का, असे विचारणाऱ्यांना एका ओळीत: दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचा संच जवळ बाळगू नका, परदेशातल्या मित्राने भेट दिला तरी नको. अशा संचापायी विमानतळावर पोलिसांच्या ताब्यात गेलेल्यांच्या बातम्या आपण वाचतोच.

तेव्हा मंडळी, रडगाणे पुरे. पावसाळ्याआधी आपापल्या तालुक्यातल्या वाड्या चालून या. आशाताई किंवा पोलीस पाटील यांना सोबत घ्या. कोबो किंवा ओडीके या मोबाइल अ‍ॅपचा फॉर्म रेंज नसताना भरता येतो, रेंजमध्ये आल्यावर आपोआप जातो. ते शिकायला एक दुपार पुरते. वाडीत शिरायची वाट, ओढ्यावरचा साकव, हातपंप, उंचावरची पक्की इमारत आणि मोबाइलला रेंज येते तो खडक, एवढ्या नोंदी करा. हे सगळे ओपनस्ट्रीटमॅपवर चढवा आणि एक प्रत तहसील कार्यालयात पोच घेऊन द्या. माणसांची नावे आणि फोन नंबर मात्र आपल्याच वहीत ठेवा.

आणि पुढचा करार करताना दर किटमागे एका फोटोची अट सहीआधी खोडून घ्या. वाटपाच्या जागेचा एक फोटो, मूळ फाइलसह, आणि सही-अंगठ्यांची यादी, एवढ्यावर लेखापरीक्षण होऊ शकते. ज्यांच्या करारात ही अट आहे त्यांनी त्या कलमाची प्रत, कंपनीचे नाव झाकून, आमच्याकडे पाठवावी. पर्यायी कलमाचा मसुदा पुढच्या अंकात छापू. नोंदवलेल्या वाड्यांच्या याद्याही आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत याव्यात.