जुन्या स्पीकरची कड

घरांतील स्पीकर खरखरूं लागला कीं तो भंगारवाल्याच्या हवालीं करावयाचा, अशी रीत पडूं पाहत आहे. जालना तर भंगार वितळवून सळ्या करणारें शहर; येथें मोडीला गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं. आम्हांस मात्र ही रीत मान्य नाहीं.

राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं मांडलेली रचनाच थोड्याफार फरकानें आजहि चालू आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें, वेटोळ्यास जोडलेला कागदी शंकू, आणि शंकूस चौकटीशीं सांधणारी लवचीक कड. चुंबक व शंकू दीर्घकाळ टिकतात. फोमची कड मात्र हवा व दमटपणा यांमुळें १५-२० वर्षांत भुगा होते. म्हणजे दोष कडेचा आणि शिक्षा साऱ्या यंत्रास! त्याच मापाची नवी कड आणावी, जुना चिकटा हलक्या हातानें खरवडावा, शंकू खालींवर करून वेटोळें घासत नाहीं हें पाहावें व मग कड चिकटवावी. वेटोळें तुटलें आहे काय, हें मल्टिमीटर सांगतो. ८ ओहमचा धडका स्पीकर बहुधा ६ ते ७ ओहम दाखवितो.

कांहींजण दुरुस्तीऐवजीं त्याच पेटींत मोठा सबवूफर बसवितात. पेटीचें आकारमान व स्पीकर यांचा मेळ जमावा लागतो. तो नसला कीं नुसती धमधम उरते. शेजाऱ्यांविषयीं तर बोलावयासच नको.

सुटी संपतांच विद्यार्थ्यांनीं घरचा एखादा मुका स्पीकर प्रयोगशाळेंत आणावा, अशी आमची सूचना आहे. मल्टिमीटर तेथें आहेच.