शब्द हद्दपार करण्यापूर्वी

१/ शिवराज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांची पदनामे बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. राज्यकारभारातील तेराशेहून अधिक शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द मिळाले.

२/ तरी एक शब्द हटला नाही : पेशवा. पुढे पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव आधी येई आणि मग ‘मुख्य प्रधान’. लोकांच्या तोंडी मात्र ‘पेशवे’च राहिले. शिक्क्यातला शब्द गादीशी असलेले नाते सांगे, बोलण्यातला रोजची ओळख. माणूस एकच, पण दोन शब्दांची कामे वेगळी.

३/ म्हणून कोश फसला असे म्हणणे चूक ठरेल. ‘सचिव’ आज मंत्रालयात आहे. पण ‘वकील’, ‘जामीन’, ‘इनाम’ हेही मराठीच झाले. हजेरीपटावर माणूस ‘हजर’ असतो, समारंभात ‘उपस्थित’. यांतला एक शब्द गेला, तर एक छटा जाते.

४/ विसाव्या शतकात हा वाद एकाच लेखकाच्या आयुष्यात उभा राहिला. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ आला. आरंभीच्या कवितेत त्यांनी फारसी शब्द मुक्तहस्ते वापरले. तेच पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले आणि १९३८ मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला.

५/ त्यांचा निष्कर्ष पटो वा न पटो, अधिकार नाकारता येत नाही. जे शब्द त्यांनी दूर सारले, त्यांची नस त्यांना ठाऊक होती. दोन्ही शब्द हाताशी असताना एक उचलणे म्हणजे शैली. दुसरा माहीतच नसेल, तर ती केवळ सवय.

६/ आज शिवकालाविषयी लिहिताना अनेक तरुण फारसी शब्द कटाक्षाने टाळतात. लेखन सोवळे होते खरे. पण अस्सल पत्र समोर आले की ‘मौजे’, ‘मोकदम’ इथेच वाचन अडते. ज्या काळाचा अभिमान, त्याच काळाचा आवाज परका होतो. स्वतःच्या लेखनात ‘अमात्य’ खुशाल लिहावे. ‘मुजुमदार’ वाचता मात्र आलाच पाहिजे.