वेबसाइटलाही गावकूस असतं!

खोपटच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना मोबाइलवर दोन वेबसाइट उघडा. एक बातम्यांची, दुसरी सिनेमावाल्यांच्या गॉसिपची. वरचं नाव झाकलं तर फरक सांगता येईल? तोच नटीचा मोठा फोटो, तेच अर्धवट मथळे, मध्येमध्ये त्याच जाहिराती.

गॉसिपवाला निदान प्रामाणिक आहे. तो गॉसिप विकतो आणि तसं सांगतो. बातमीवाला स्वतःला लोकशाहीचा चौथा खांब म्हणवतो आणि पहिली जागा नटीच्या लग्नाला देतो. वस्तीवरच्या अत्याचाराची बातमी? अंगठा दुखेपर्यंत खाली सरका, सापडली तर सापडली. म्हणजे पानालाही गावकूस आहे, आणि आपण बाहेर! "क्लिक तिकडेच मिळतात" हे उत्तर खोटं आहे. क्लिक मोजणारं यंत्र माणसानंच बसवलंय.

हे आजचं नाही. १९२० मध्ये पैसे देऊनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडलं. मोठ्या माध्यमांना जाग यायला आठवडे लागले. वृत्तपत्राचा धंदा साबणाच्या धंद्यासारखा झालाय, हे बाबासाहेबांनी १९४३ मध्येच पुण्यातल्या भाषणात सुनावलं होतं.

म्हणून मित्रांनो, आपलं पोर्टल काढाल तेव्हा यांची नक्कल नको. पहिल्याच स्क्रीनवर गावाचं नाव, तारीख, ॲट्रॉसिटीचं कलम लागलं की नाही, आणि केस कुठे अडली ते लिहा. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्यानं भरले. आपल्या हातात तर मोबाइल आहे!

जय भीम!