झाकण उघडण्याचा हक्क

२०१३ सालच्या एका रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं आणि मुलाच्या हातात माझं दाढीचं पातं होतं. समोर कॉम्प्युटरचा नवाकोरा प्रोसेसर. त्याचं झाकण तो पात्यानं कापत होता! पैसे माझ्या पगारातले. मी ओरडणार तोच तो म्हणाला, ''बाबा, याला ताप चढतोय. त्यावर इलाज करतोय.''

ताप त्यानंच चढवला होता. कंपनीनं नेमून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जोरात पळवला होता. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढला की उष्णता वाढते. त्यासाठी व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढवलं, तर तेवढ्यानंच ती आणखी सुमारे २० टक्क्यांनी वाढते. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून ती धातूच्या झाकणात आणि तिथून बाहेर जायची असते. इंटेलच्या २०११ च्या घरगुती प्रोसेसरांत तुकडा आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डर होतं. २०१२ च्या पिढीत तिथे पेस्ट आली. धातूइतक्या सहज ती उष्णता वाहून नेत नाही. म्हणून हौशी मंडळी झाकण काढून, पेस्टच्या जागी गॅलियमचा पातळ मिश्रधातू लावू लागली.

मला यात बँक दिसली. कर्जाची मर्यादा ठरवताना आम्ही मार्जिन ठेवायचो. प्रोसेसरवर छापलेला वेगही तसाच, कुणाच्याही घरी, ऐन उन्हाळ्यातही निभावेल असा. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा म्हणून विकला जाई आणि अनेकांकडे ४५० वर बिनतक्रार चाले. म्हणजे मार्जिन होतंच.

पण मार्जिन वापरणाऱ्यानं जोखीमही पत्करायची असते. त्या दिवशी पातं जरा खोल गेलं, झाकणाखालच्या हिरव्या पट्टीतली केसासारखी तार कापली गेली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. संध्याकाळी आलेल्या एका स्नेह्यांनी तोडगा सुचवला, ''झाकण परत चिकटवा आणि वॉरंटीत बदलून घ्या. दुकानदाराला काय कळतंय!'' खरं सांगतो, थकबाकीदारांना वर्षानुवर्षं सचोटीचे धडे देणारा मी गप्प बसलो. मुलगाच म्हणाला, ''काका, कापलं मी. त्यात दुकानदाराचा काय दोष?''

आठ महिने शिकवण्या करून त्यानं स्वतःच्या पैशानं तसाच दुसरा प्रोसेसर घेतला. या खेपेला झाकण व्हाइसमध्ये पकडलं, हिरव्या पट्टीच्या कडेला लाकडाचा ठोकळा लावला आणि हातोडीनं हलकेच ठोकलं. मिश्रधातूतून वीजही वाहते, म्हणून एक थेंबही बाजूला जाऊ दिला नाही. तापमान जवळजवळ २० अंशांनी उतरलं. २०१८ मध्ये इंटेलनं वरच्या श्रेणीत पुन्हा सोल्डर आणलं, तेव्हा त्याचा फोन आला, ''बाबा, बघा!''

''हात लावू नकोस, मोडेल,'' हे आपल्या घरातलं आवडतं वाक्य. मला वाटतं, मुलांना वस्तू उघडू द्याव्यात. विकत घेतलेल्या वस्तूच्या आत डोकावण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. मोडल्यावर ती गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचा मात्र नाही. आधी उष्णता कुठून कुठे जाते ते समजून घ्यावं आणि चुकलं तर नुकसान आपल्याच खात्यावर लिहावं.

तो पहिला प्रोसेसर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. बँकेच्या भाषेत बुडीत खातं. पण ते निर्लेखित करायला माझं मन काही तयार होत नाही.