कच्चा कापूस आणि तेलाचा तवंग

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं, खारफुटी काळवंडली. असा तवंग टिपायला सहसा पॉलिप्रॉपिलीनच्या चटया वापरतात. म्हणजे तेल काढायला पुन्हा खनिज तेलापासूनच बनलेलं प्लास्टिक!

कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. तो पाण्याला दूर ठेवतो, तेलाला जवळ करतो. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठातल्या प्रयोगांत अपरिपक्व, हलक्या प्रतीच्या कापसाने स्वतःच्या वजनाच्या ३० पटींहून अधिक कच्चं तेल शोषलं. रुईच्या फळातला आणि पांढऱ्या सावरीचा पोकळ तंतूही याच कामाचा. ब्लीच केलेला पांढराशुभ्र कापूस मात्र इथे कुचकामी. मेण गेलं की तो पाणीच पितो.

तेल प्यायलेला कापूस हा घातक कचराच. तो पिळून तेल परत मिळवायची आणि उरलेल्याची विल्हेवाट लावायची सोय आधी हवी. नाहीतर ‘पर्यावरणपूरक’ हे लेबल फसवंच. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवरून वेचलेल्या हलक्या प्रतीच्या कापसाला बाजारात फारसा भाव नसतो. बंदरांनी आणि तेल कंपन्यांनी तो एकदा आजमावून पाहावा.