सुटलेली साखळी

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. तासाच्या भाड्याने सायकल मिळे आणि डबलसीट बसल्याबद्दल किंवा दिवा नसल्याबद्दल पोलीस अडवीत. आज दिवा आहे, स्वारही एकटाच आहे. नाही तो फक्त रस्ता!

महापालिकेने काही केले नाही असे कोण म्हणेल? २००६ साली स्वारगेट-कात्रज जलद बसमार्ग सुरू झाला, त्याच्या कडेने सायकलींचे पट्टे आले. डिसेंबर २०१७ मध्ये सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच सुमारास ॲपवरच्या भाडोत्री सायकलीही अवतरल्या आणि काही वर्षांत अंतर्धान पावल्या.

मग अडते कुठे? चौकात! पट्टा डौलात निघतो, विजेच्या पेटीला वळसा घालतो, बसथांब्यापाशी अडखळतो आणि चौक आला की गुप्त होतो. वास्तविक वळणारी वाहने आडवी येतात ती तिथेच.

दहा वर्षांच्या मुलीला सायकलवर शाळेत धाडावे की नाही, हे ठरवताना आई नकाशावरचे किलोमीटर मोजीत नाही. वाटेतला सर्वांत वाईट चौक तिच्या डोळ्यांपुढे येतो.

म्हणून नवे पट्टे आखण्याआधी जुने जोडावेत, आणि आरंभ शाळांभोवतीच्या चौकांपासून करावा. कोपऱ्याचे वळण आवळले की मोटारी आपोआप मंदावतात. सायकलींना सिग्नल जरा आधी मिळाला की त्या सुखरूप पार होतात. यात उद्घाटनाची फीत कापण्याजोगे काही नाही, हे खरे. पण साखळीची एकच कडी तुटली तरी सायकल हातात धरून चालावे लागते, हे पुणेकरांना का सांगायला हवे?