परत येण्याची वाट

बारावीतली एक मुलगी आईवडलांसोबत आमच्या सल्ला केंद्रात आली होती. तिला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायचंय. आई म्हणाली, "पोरीच्या जातीला झेपेल का हो ताई?" वडील मात्र खुशीत. शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चानं, वर रुबाब!

झेपण्याचा प्रश्न आता शिळा झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली मुलींना प्रवेश परीक्षेला बसू दिलं, 2022 मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि मे 2025 मध्ये तिच्यातल्या 17 जणी मुलांबरोबर दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या.

मला काळजी वाटते ती बंधपत्राची. मुलगी आपल्या मर्जीने मधेच परतली, तर प्रशिक्षणाचा खर्च भरून देऊ, असं पालक लिहून देतात. तिथे तीन वर्षं, मग पुढच्या संस्थेत साधारण आणखी एक. सतरा-अठराव्या वर्षी 'मला हे नको' म्हणायचं, तेही घर कर्जात बुडेल या धास्तीत! शिवाय मुलगा परतला तर दुसरं काहीतरी शिकेल; मुलगी परतली की स्थळं बघायला सुरुवात.

(आमच्यातल्या काहीजणींचा लष्करालाच विरोध आहे. तो वाद आम्ही आमच्यात घालू, तिच्या डोक्यावर नको.)

वडलांना विचारलं, "परत आली तर पैसे भरून, एक शब्द न बोलता पुढे शिकवाल?" ते गप्प बसले. आई म्हणाली, "शिकवू." मग मुलीने बंधपत्राचा मजकूर मागून घेतला आणि दोघांना मोठ्याने वाचून दाखवला.